फाटकावरची पाचवी

तिगाव स्टेशनापासून कोसभर अंतरावर एक रेल्वे फाटक होतं आणि त्या फाटकाच्या क्वार्टरात पाच वर्षं एक शाळा भरत होती. पटावर नाव एकच, कुसुम शालिकराम सोमकुंवर. मास्तरीणही एकच, तिची माय यमुना. फाटकवाल्या शालिकरामला या शाळेचा इन्स्पेक्टर म्हणा की शिपाई म्हणा, पण वर्गात तोंड उघडायची त्याला परवानगी नव्हती. मालगाडीला हिरवी झेंडी दाखवून आला की तो उंबऱ्यातूनच विचारी, "झालं का वो गनित?" आणि यमुना म्हणे, "तुमी तुमचं फाटक पाहा."

कुसुम लग्नानंतर सतरा वर्षांनी झालेली. गावातली शाळा दोन रुळांच्या आणि एका नाल्याच्या पलीकडे. एवढ्या उशिरा पदरात पडलेलं लेकरू रोज दोनदा रूळ ओलांडणार, हे यमुनेला मान्य नव्हतं. त्यात ती वरुडकडची, सातवी पास. तिला तिच्या सातवीचा जो अभिमान होता, तो कुणा एम.ए.वाल्याला आपल्या डिग्रीचा नसेल. मग शाळा हवीच कशाला? तिने पोरीला घरीच बसवलं. पाढे, शुद्धलेखन, बेरीज-वजाबाकी, नकाशातल्या नद्या, राज्य हिंदीचं पण मुलूख मराठी, म्हणून सगळं मराठीत आणि सगळं वेळच्या वेळी. पाचवीची बोर्डाची परीक्षा मराठी माध्यमातून प्रायव्हेट द्यायची, आणि पास झाली की सहावीला पांढुर्ण्याच्या शाळेत घालायची, असा बेत होता. तोवर पोर पॅसेंजरने एकटी जाण्याएवढी होईल, आणि माय तिला एकटी जाऊ देण्याएवढी.

बेत चांगलाच होता, पण यमुनेच्या डोळ्यांना तो ठाऊक नव्हता. पंचेचाळिशीतच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुरुवातीला तिने दोष दिला तो पुस्तकांना. "आजकाल लई फिक्की पुस्तकं छापून राहिले," असं ती वर्षभर म्हणत होती. एका सकाळी तिने कुसुमच्या भागाकारावर काट मारली आणि वर एक चापटही दिली. कुसुमने रडत रडत उत्तर पडताळून दाखवलं. भागाकार बरोबर होता. कुसुमचं रडणं पाच मिनिटांत थांबलं, पण यमुना त्या दिवशी जी घाबरली ती घाबरलीच.

शहाऐंशीच्या डिसेंबरात नागपूरला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. यमुनेचा धाकटा भाऊ उत्तम नागपुरातच राही. त्याची बायको सुशीला दोन्ही वेळ दवाखान्यात डबा घेऊन येई. यमुनेच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, मान हलवायची नव्हती, आणि अशा बाईशी गंभीर बोलायला बरं पडतं म्हणून असेल, उत्तमने तेव्हाच विषय काढला.

"बाई, पोरीले आता माह्या घरी ठेव. माह्या दोघा पोरांसंगं शाळेत जाईन. किती दिवस फाटकावर शिकवशीन?"

"पाचवी होऊ दे."

"तुले दिसत नाही, बाई. तू शिकवशीन कशी?"

उत्तमचा स्वभाव वाईट नव्हता. वाईट असता तर तिने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. तो खरं बोलत होता आणि मायेने बोलत होता, म्हणूनच ते लागलं. मग तिने शब्द दिला. पाचवी पास झाली तर कुसुम घरीच राहील आणि पांढुर्ण्याला जाईल. नापास झाली तर जूनमध्ये नागपूरला, मामाकडे. शालिकराम आणि सुशीला साक्षीला होते. यमुना शब्दाची पक्की होती, हे त्या तिघांनाही माहीत होतं आणि तिला स्वतःला तर सगळ्यात जास्त.

सुशीलेने फार आग्रह केला तरी ती नागपुरात राहिली नाही. दहाव्या दिवशी हिरवी पट्टी लावून, शालिकरामचा हात धरून तिगावला उतरली आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुरू केली.

डॉक्टरांनी नियमांची माळच गळ्यात घातली होती. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, कडक काही चावायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, रडायचं नाही. वाचायचं तर नावच काढायचं नाही. तिन्ही वेळा डोळ्यात थेंब. ते काम कुसुमचं. ती खुर्चीवर उभी राहून, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून एक थेंब टाकी, आणि मायच्या गालावरून दुसरा ओघळला की पदराने टिपून घेई. स्वयंपाक शालिकरामकडे गेला. त्याच्या भाकरीला कोन किती असतील याचा भरवसा नसे, पण भाजी त्याला खरंच छान जमे, आणि ही गोष्ट त्याने सत्तावीस वर्षं लपवून ठेवली होती. यमुनेने त्यावरूनही त्याला ऐकवलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तपासायला गेले तर डोळा अजून लालच. टाका टोचतो आहे, सूज उतरायला वेळ लागेल, चष्मा आणखी दोन-अडीच महिन्यांनी, असं डॉक्टर म्हणाले. दुष्काळात तेरावा महिना. यमुना परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसून होती, आणि बाहेरचं तिला काही दिसत नव्हतं.

पण शाळा चालली होती, आणि झकास चालली होती. सकाळी क्वार्टरच्या पुढे उन्हात खाट टाकली जाई. यमुना उशीला टेकून बसे, कुसुम पायाशी बसून मोठ्याने वाचे. डोळे होते तेव्हा यमुना पुस्तकाकडे पाहत असे, आता ती पोरीचा आवाज ऐकायला लागली. कुसुमला समजलेलं असलं की तिचा आवाज चालत येतो आणि समजलेलं नसलं की पळत सुटतो, हे तिला पाच वर्षांत पहिल्यांदा कळलं. आवाज पळायला लागला की ती म्हणे, "थांब. मांगं ये." कुसुमला वाटे मायला पट्टीतून दिसतं. फाटक बंद असलं की संत्र्यांचे ट्रक समोर थांबत, आणि एखादा ड्रायव्हर आजारी बाई पाहून दोन संत्री टाकून जाई. कुसुम साल काढून, बिया काढून एक एक फोड मायच्या हातात ठेवी आणि दर फोडीला एक पाढा म्हणे. खरं सांगायचं तर यमुना त्या दिवसांत सुखात होती. दुसऱ्याच्या हातचं खाणं आणि उन्हात बसून लेकीचं ऐकणं, एवढं आयतं सुख तिला कधी मिळालं नव्हतं. हे कबूल करायची मात्र तिला लाज वाटे.

फेब्रुवारीच्या मध्यावर पोस्टमन प्रवेशपत्र देऊन गेला. यमुनेने ते हातात घेऊन चाचपलं, वास घेतला आणि पोरीला म्हणाली, "वाच. एक अक्षर सोडू नको."

कुसुमने वाचलं. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, केंद्र पांढुर्णा.

"अन् मंग हे आहे. माध्यम, हिंदी."

"काय?"

"माध्यम, हिंदी. असंच लिहलं आहे, माय."

शालिकराम तेव्हा अंगणात कंदिलाची काच पुसत होता. त्याचा हात थांबला. ती शांतता यमुनेने ऐकली आणि तिला निम्मं कळून चुकलं.

"अजी, फारम कोनं भरला होता?"

फॉर्म भरायची शेवटची तारीख नेमकी ऑपरेशनच्या आठवड्यात आली होती. शालिकराम एका दिवसासाठी नागपूरहून आला होता आणि तेवढ्यात त्याने ते काम उरकलं होतं. सरकारी कागद, वरपासून खालपर्यंत हिंदीत, आणि बायको तिकडे पट्टी बांधून पडलेली. चुकायला नको म्हणून त्याने शहाणपणा केला. स्टेशनातल्या पोर्टरच्या मुलाचा फॉर्म आदल्याच दिवशी भरून झाला होता. शालिकरामने तो समोर ठेवला आणि एकेक रकाना बघून बघून उतरवून काढला. नाव तेवढं बदललं, तारीख बदलली, मुलाच्या जागी मुलगी केली. बाकी सगळं जसंच्या तसं. पोर्टर बैतूलकडचा, त्याचं पोर हिंदी शाळेतलं. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, ते काही उगीच नाही.

"मले वाटलं, भरलेल्या फारमात चूक कशी असन," शालिकराम म्हणाला. त्याच्या दृष्टीने बोलणं अगदी रास्त होतं.

डॉक्टरांनी यमुनेला रडायला मनाई केली होती, ओरडायला केली नव्हती. तिने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. अप पॅसेंजर येऊन गेली, डाऊन मालगाडी येऊन गेली, तरी तिचं संपलं नव्हतं. शालिकरामने दोन्ही गाड्यांना झेंडी दाखवली आणि प्रत्येक वेळी परत येऊन उरलेलं ऐकून घेतलं. हा त्या माणसाचा मोठेपणा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि शिक्षणाच्या ऑफिसात जाऊन आला. तिथल्या बाबूने त्याला पाणी दिलं, कागद पाहिले, आणि समजावून सांगितलं की प्रश्नपत्रिका माध्यमवार मोजून कधीच मागवून झाल्या आहेत. आता पोरीला हिंदीतच लिहावं लागेल, नाहीतर पुढच्या वर्षी बसवा. शालिकरामने घरी येऊन हे सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "तुह्या भावाले कळवतो मंग."

"काय कळवता?"

"का आता पोरगी..."

"पोरगी नापास झाली का? पेपर झाला का? कायले कळवता?"

ती असं म्हणाली खरी, पण कशाच्या जोरावर? तिची स्वतःची हिंदी म्हणजे बाजारात भाव करण्यापुरती. वरुडात मराठी, फाटकावर मराठी, पांढुर्ण्याच्या बाजारात तर हिंदी बोलणाऱ्यालाही लोक मराठीत उत्तर देतात. कुसुमची हिंदी तिच्यापेक्षा बरी होती, पण ती शिकलेली होती फाटकावर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांकडून, आणि फाटक उघडायला उशीर झाला की ट्रकवाले जी हिंदी बोलतात तिच्यातले निम्मे शब्द परीक्षेत लिहिण्यासारखे नसतात. पाच आठवडे उरले होते. मास्तरणीला दिसत नव्हतं आणि आता शिकवायचं ते येतही नव्हतं. लेक नागपूरला चालली, हे तिला अगदी समोर उभं असल्यासारखं वाटलं.

ज्या पोर्टरच्या मुलाचा फॉर्म उतरवला होता, त्याच्याच मोठ्या भावाची जुनी पुस्तकं शालिकराम संध्याकाळी मागून घेऊन आला. कुसुम पहिला धडा वाचायला बसली. यमुना ऐकत राहिली. आवाज चालत नव्हता, पळतही नव्हता, ठेचकाळत होता. यमुना सवयीने म्हणाली, "थांब. मांगं ये," आणि मग तिच्या लक्षात आलं की मागे येऊन पोर करणार काय, आपल्याला तरी कुठे कळलं आहे?

"कुसुम, मले नाही समजलं. काय म्हनते तो धडा?"

हे वाक्य त्या शाळेत पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. कुसुमला वाटलं माय परीक्षा घेते आहे.

"तुले नाही समजलं?"

"नाही, बाई. खरंच नाही. तू सांग मले."

कुसुमने मान वर केली, पुस्तक पुन्हा पाहिलं, आणि या वेळी मनातल्या मनात दोनदा वाचलं. मग मायला सांगितलं, मोडकं तोडकं, अर्धं मराठी अर्धं हिंदी. यमुनेने विचारलं, "मंग ते 'किन्तु' काय होय?" कुसुमला ते येत नव्हतं. शालिकरामला विचारलं, त्यालाही येत नव्हतं. शेवटी तिने मागची-पुढची वाक्यं लावून अर्थ काढलाच, आणि काढल्यावर अशी खूश झाली की 'किन्तु' हा शब्द तिने पुढचे तीन दिवस जिथे नको तिथेही वापरला.

तिथून फाटकावरच्या शाळेचा कारभार उलटा झाला. सकाळी कुसुम धडा वाची आणि मायला समजावून सांगे. मग यमुनेने तो हिंदीत म्हणून दाखवायचा. तिची हिंदी ऐकून शालिकराम उंबऱ्यात हसू दाबून उभा राही.

"बीज को पानी होना," यमुना म्हणे.

"होना नाही माय, चाहिए. बीज को पानी चाहिए."

"चाहिए. पानी चाहिए, हवा चाहिए, गरमी चाहिए. अन् माती नाही चाहिए काय?"

"धड्यात तीनच लिहले."

"धड्यात कितीबी लिहले असतीन. मातीबिगर बी उगवते काय कुठं? इचार त्या धड्याले."

कुसुम विचारात पडली. दोन दिवस तिने तो प्रश्न डोक्यात घोळवला, आणि तिसऱ्या दिवशी चण्याचे दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले. मोड आल्यावर डबा आणून मायच्या हातात दिला. यमुनेने बोटांनी एकेक मोड चाचपला. डब्यात माती नव्हती. "बरं बाई," ती म्हणाली, "हारली मी." कुसुमने दुपारभर आपल्या विजयाची गोष्ट बापाला, दुसऱ्या पाळीच्या फाटकवाल्या चिंधूला आणि एका ट्रकवाल्याला हिंदीतून सांगितली.

मालगाडी आली की दोघी डबे मोजत, कुसुम डोळ्यांनी आणि हिंदीत, यमुना कानांनी आणि मराठीत. शेवटी ताळा जमवायचा. हिंदी आकड्यांनी दोघींना फार छळलं, पण पाच आठवड्यांत रुळावरून एवढे डबे गेले की आकडे आपोआप वाट सोडून उभे राहिले. यमुना हट्टी विद्यार्थिनी होती. तिला काहीही एकदा सांगून पटत नसे. सुरुवातीला तिला खरंच समजत नव्हतं, पुढे थोडं समजूनही ती न समजल्यासारखं करी, आणि महिनाभराने कुठलं खरं नि कुठलं खोटं हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. कुसुमला एकदा संशय आला.

"माय, तू मुद्दाम चुकून राहिली."

"मी कायले मुद्दाम चुकू? मले दिसत नाही, समजत नाही. तू घाई करतं म्हनून चुकते मी."

"बरं. घाई नाही. पुन्हा सांगते."

अन् ती पुन्हा सांगे. तिच्या आवाजात अशी काही माया येई की यमुनेला वाटे, हीच पोर का आपली? शिकवताना आपण तर कधी एवढ्या गोड आवाजात बोललो नाही. ते तिला जरा लागलंही.

चिंधू मारुतीचा भक्त. त्याने पोरीच्या नावाने जामसांवलीच्या देवळात नारळ बोलून ठेवला. शालिकराम म्हणाला, "नारय तू फोड, खोबरं आमी खाऊ." यमुना म्हणाली की तिला तर कडक चावायची मनाई आहे, तेव्हा तिचा वाटा चिंधूनेच खावा. तिच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते आणि तिचा भरवसा पुस्तकावर होता, पण कुणी आपल्या लेकीसाठी चार पायऱ्या चढत असेल तर त्याला नको म्हणण्याइतकी ती कोरडी नव्हती.

मार्चअखेर परीक्षा झाली. तिघेही पॅसेंजरने पांढुर्ण्याला जात. शालिकराम दोघींना शाळेच्या आवारात सोडून ड्युटीला परत फिरे आणि यमुना डोळ्यावर हिरवी पट्टी, वरून काळा चष्मा अशी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राही. गणित सोपं गेलं. इतिहास-भूगोल बरा गेला. हिंदीच्या पेपरातून कुसुम बाहेर आली ती सरळ मायच्या बाकावर येऊन बसली. यमुनेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर कपाळ घामाने ओलं होतं.

"निबंध आला होता," कुसुम म्हणाली. "अर्धा मराठीत लिहला गेला, माय. ध्यानातच नाही राहिलं. मंग खोडला. मंग वेळ नाही उरला."

यमुनेने "होते असं" म्हटलं आणि पोरीला जवळ ओढून घेतलं. तिला रडायची मनाई होती. ती मनाई तिने त्या दिवशी कशी पाळली, तिलाच ठाऊक.

आता उरली होती हिंदीची तोंडी परीक्षा, दुसऱ्या दिवशी. खोली व्हरांड्यालगतच होती आणि यमुनेचा बाक बरोबर तिच्या खिडकीखाली. आत कोण कसं बसलं आहे हे तिला दिसत नव्हतं. पण ऐकण्यात चार महिन्यांत ती पक्की झाली होती. एकेक पोर आत जाई, धडाधड पाठ केलेलं म्हणे आणि बाहेर येई. सगळ्यांचे आवाज पळत होते.

मग कुसुमचं नाव पुकारलं.

"बेटी, किताब का कोई भी एक पाठ अपने शब्दों में सुनाओ," परीक्षकांचा थकलेला आवाज आला. सकाळपासूनची त्यांची ही तिसावी पोर असेल.

यमुनेने कान खिडकीकडे केला.

"बीज को उगने के लिए तीन चीज़ें चाहिए," कुसुम म्हणाली. "पानी, हवा और गरमी." मग ती थांबली, आणि यमुनेला ओळखीचा आवाज आला, उन्हातल्या खाटेवरचा. "अब आप पूछेंगे, मिट्टी का नाम क्यों नहीं लिया."

आत खुर्ची करकरली. "हाँ, क्यों नहीं लिया?"

"चना गीले कपड़े में लपेटकर डिब्बे में रखो, तो भी उगता है. वहाँ मिट्टी कहाँ है? मिट्टी बाद में लगती है, पौधा बड़ा होता है तब. समझ में आया?"

"आया."

"नहीं आया हो तो फिर से बताती हूँ. जल्दी नहीं है."

परीक्षक हसले. ते हसू असं होतं की बाहेर रांगेत उभी असलेली पोरंही हसायला लागली. कुसुम मात्र हसली नाही. परीक्षकांनी मग तिला आणखी चार प्रश्न विचारले, ते परीक्षेचे नव्हतेच, त्यांना ऐकावंसं वाटत होतं म्हणून विचारले. आणि ती प्रत्येकाचं उत्तर सावकाश देत गेली, मधेच थांबून समोरच्याला समजलं की नाही याची खात्री करून घेत. पोरीचा आवाज चालत होता. एकदाही पळाला नाही. खिडकीखाली यमुना बसून होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं की आत्ता कुणी पट्टी सोडून सगळं जग दाखवलं असतं तरी तिने थांब म्हटलं असतं.

कुसुम बाहेर आली आणि मायचा हात धरला.

"समजलं त्या सरले," ती म्हणाली. "एकाच खेपेत."

एप्रिलच्या शेवटी यमुनेला चष्मा मिळाला. काच बाटलीच्या बुडासारखी जाड. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसे, त्यामुळे कितीतरी दिवस ती चहा कपाच्या शेजारी ओतत होती. शालिकरामच्या कानावरचे केस तिला पहिल्यांदाच दिसले आणि तिने त्याला लगेच न्हाव्याकडे पाठवलं. मे महिन्यात निकाल लागला. गुणांची अंकसूची तिने स्वतः वाचली, बोटाने, एकेक आकडा. गणितात ब्याऐंशी. हिंदीत लेखीचे सोळा, तोंडीचे विसांपैकी एकोणीस, मिळून पस्तीस. तेहतीसला पास होते. तोंडीच्या खाली परीक्षकांनी सही केली होती आणि ती फार वेळ त्या सहीकडे पाहत बसली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तम बहिणीचा डोळा पाहायला आला. येताना संत्र्याची बर्फी घेऊन आला. संत्र्यांच्या मुलखात संत्र्याची बर्फी आणली म्हणून त्याला आधी टोमणे खावे लागले, मग चहा मिळाला, थोडा बशीत आणि थोडा जमिनीवर. त्याने अंकसूची पाहिली, भाचीच्या पाठीवर थाप दिली.

"शब्द तो शब्द, बाई. तू जिंकली," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "पन मी एक गोष्ट बोलू? आमच्या तिकडची शाळा खरंच चांगली आहे. मोठं मैदान आहे, वाचनालय आहे. सुशीलानं जागा धरून ठेवली आहे. शब्दाचं सोड. पोरीलेच इचारून पाहू."

यमुनेला वाटलं होतं आता सुटलो. उत्तमवर रागवावं तर तो आताही खरंच बोलत होता. पांढुर्ण्याच्या शाळेपेक्षा ती शाळा चांगली असणार, यात तिला शंका नव्हती. पोरीला चांगलं ते मिळायला नको, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? चार महिने ती लेकीचा चेहरा दिसावा म्हणून झुरली होती, आणि आता स्वच्छ दिसत होता तर तिला तिकडे बघवेना.

"इचार," ती म्हणाली. "ती म्हनन तसं."

शालिकरामने तिच्याकडे पाहिलं.

"काय मंग, कुसुम?" उत्तम म्हणाला. "येतं का नागपूरले?"

कुसुम बर्फीचा तुकडा हातात घेऊन विचार करत राहिली. मैदान तिला हवं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं आणि यमुनेने नको नको म्हणत ते पाहिलंच. वाचनालयही हवं होतं. मग तिने मान हलवली.

"मी आली तं मायले सहावी कोन शिकवन, मामा?"

उत्तम मोठ्याने हसला. त्याला ती थट्टा वाटली. पण कुसुम थट्टा करत नव्हती. तिने मामाला नीट समजावून सांगितलं की मायची पाचवी आत्ता कुठे झाली आहे, तीही तिला एकेक गोष्ट चार-चारदा सांगावी लागली तेव्हा. सहावी अवघड असते. तिला एकटीला नाही जमणार. दिवसा पांढुर्ण्याला जाऊन कुसुम स्वतः शिकून येईल आणि संध्याकाळी मायला शिकवेल, तिने सगळं ठरवलं आहे.

शालिकराम झेंडी शोधायच्या निमित्ताने उठून बाहेर गेला. उत्तम हसायचा थांबला आणि बहिणीकडे पाहायला लागला. पाच वर्षं जिने या घरात मास्तरकी केली ती बाई काही बोलत नव्हती. खरं काय ते सांगायला हवं होतं. डोळे आता आले आहेत, मला सगळं वाचता येतं, तू जा बाई, असं म्हणायला हवं होतं. यमुनेने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मनात आलं, मनावर घेतलं तर आपण सहावीत दोन-तीन वर्षं सहज नापास होऊ शकतो.